दादाच्या वाटणीची लाज

देवानं माणसं घडवताना प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी लाज काढून ठेवली असेल, तर माझ्या आतेभावाच्या वाट्याची सगळी लाज चुकून माझ्याकडे आली आहे. दुसरं कारण संभवतच नाही. काहीही करावं त्यानं आणि कान लाल व्हावेत माझे, हा आमचा लहानपणापासूनचा रिवाज. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातातून जिलब्यांचं ताट घेऊन "काका, तुम्ही दमलात, बसा, मी वाढतो," म्हणत हा स्वतःच्या पानापासून वाढायला सुरुवात करायचा आणि बराच वेळ त्याच पानाशी थांबायचा. वाढपी हसायचे, नवरीकडचे हसायचे, आणि मी पाटाखाली जागा आहे का ते बघायची. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणते. पण दादा म्हटल्यावर जो एक भारदस्तपणा यावा, तो त्याच्यात औषधालाही नव्हता.

नशीब असं, की आम्ही बडोद्याच्या एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात गेलो. तो मेकॅनिकलला, मी इलेक्ट्रिकलला. कॉलेजात दरवर्षी नाटकांची स्पर्धा असायची. गुजराती आणि हिंदी नाटकं ढिगानं, मराठी एकच, आणि ते दादाचं. लिहिणार तो, बसवणार तो, आणि नट पकडून आणणाराही तोच. पकडून हाच शब्द बरोबर आहे. बडोद्यात मराठी घरं काही कमी नाहीत, पण त्या घरांतली मुलं मराठी बोलतात ती आजीशी, तीही आजीला ऐकू येत नसेल तेव्हा. दादा पार्किंगमध्ये उभा राहायचा आणि मराठी आडनावाचा नवा मुलगा दिसला की त्याची स्कूटर धरून विचारायचा, "घरी आईला आई म्हणतोस की मम्मी?" पोरगं गांगरून "आई" म्हणालं, की त्याची निवड झाली. हीच काय ती ऑडिशन. एवढं करून आमच्यात सगळ्यात खणखणीत मराठी बोलायचा तो जिग्नेश, पक्का गुजराती, पण प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये दादाच्या शेजारी वाढलेला. मला दादानं प्रॉम्प्टर केलं. "तुला लोकांसमोर लाज वाटते ना? मग विंगेत उभी राहा. तिथं तुला कोणी बघत नाही," म्हणाला. त्याला वाटलं, त्यानं माझी सोय केली!

नाटकाला लागणारं सामान भाड्यानं आणायचं असतं, ही गोष्ट त्याच्या गावीच नव्हती. त्याच्या मते बडोद्यातल्या सगळ्या नातेवाइकांची घरं मिळून एक मोठं गोदाम होतं. घंटी वाजवायची नाही, विचारायचं नाही, सरळ आत यायचं, आत्याबाईंच्या नाहीतर मामीच्या पाया पडायचं आणि उठताना टीपॉयच उचलायचा. स्पर्धेला आमचे नातेवाईक यायचे ते नाटक बघायला नव्हे, आपलं काय काय गेलंय ते बघायला. पडदा वर गेला की प्रेक्षकांतून कुजबूज सुरू व्हायची, "अगं, तो आपला टेबललॅम्प!" एकदा तर त्यानं आमच्या गोत्री भागातल्या घरचा सोफा टेम्पोत घालून नेला आणि नेमके त्याच संध्याकाळी पाहुणे माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आले. मुलाचे वडील गुडघ्यांचे पेशंट. त्यांना चटईवर बसवलं, आणि चहा होऊन, फराळ होऊन, पत्रिका जुळून गेली तरी त्यांना उठता येईना. शेवटी त्यांना उठवायला दादाच आला, सोफा परत घेऊन. "काका, तुमचं कण्हणं फार खरं वाटतं हं," त्यांना उभं करता करता तो म्हणाला. लग्न तिथंच जमलं, पण ताईचे सासरे आजही आमच्या घरी आले की आधी दारातून आत डोकावून सोफा बघतात आणि मगच चपला काढतात.

माणसं कशी बोलतात हे ऐकण्याचं त्याला वेड होतं. पेपरला चार दिवस राहिलेले असताना हा मांडवीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर उभा, का, तर आत घासाघीस चाललीय. मला एकदा बरोबर नेलं होतं. एक बाई कढईवरून दुकानदाराशी असं काही भांडत होत्या, की मांडवीचा दरवाजा हलावा. शेवटी दुकानदार वैतागून ओरडला, "लेवुं होय तो लो, नहीं तो जाव!" आणि आमचा दादा पायरी चढून पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "काका, एक वार फरी बोलो ने. पेलुं छेल्लुं 'जाव' जरा लांबुं." म्हणजे, परत एकदा म्हणा, आणि तो शेवटचा 'जाव' जरा लांबवा. दुकानदार आणि बाई, दोघंही भांडण विसरून याच्याकडे बघत राहिले. मी शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात शिरले आणि मला नको असलेल्या बांगड्या भरून घेतल्या.

बरं, कॉलेजात तरी माणसासारखं वागावं! ड्रॉइंगच्या तासाला हा शीटवर मशीनचा भाग काढायच्या ऐवजी नटांच्या हालचाली काढायचा, वरून एक, समोरून एक, मापांसकट. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रश्न विचारला, तर म्हणाला, "सर, प्रश्न छान आहे, पण शेवटचा शब्द तुम्ही गिळताय. मागच्या रांगेला ऐकू जाणार नाही." त्या विषयात तो नापास झाला, हे सांगायला नकोच. त्याचं त्याला काही नाही. पुढं ते परीक्षक आमच्या तुकडीला आले, कुणाकडून कोण जाणे त्यांना आमच्या नात्याचा सुगावा लागला, आणि त्यांनी विचारलं, "तू त्याची बहीण का?" त्यानंतर मी ट्रान्सफॉर्मरबद्दल जे काही बोलले, ते त्यांनी शेवटपर्यंत मान खाली घालून, एकही प्रश्न न विचारता ऐकून घेतलं.

या सगळ्या कारभारापासून एकच माणूस लांब होता, तो म्हणजे दादाचे वडील. मी त्यांना काका म्हणते. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. सडपातळ, कमी बोलणारे, सायकलवरून जाणारे. वर्कशॉपमधून आले, की घराचीही तपासणी करायचे. नळ घट्ट बंद आहे का, चपला सरळ रेषेत आहेत का, कडी नीट बसते का. आणि रिकाम्या खोलीत पंखा चालू दिसला, की खोलीच्या दारात उभं राहून त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "भिंतीला घाम सुटलाय का रे?" मग बटण बंद. हे वाक्य ऐकल्याशिवाय त्या घरात कधी दिवस मावळला नसेल. नाटकाचं त्यांना वावडं नव्हतं, पण दादानं बोलावलं की म्हणायचे, "तू आधी पास हो. मग बघू तुझं नाटक." दादा पास होत नव्हता, त्यामुळे काका येत नव्हते, आणि दोघांचंही व्यवस्थित चाललं होतं.

शेवटच्या वर्षी दादानं जे नाटक लिहिलं, ते वाचून मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्यातला बाप म्हणजे काका. नळ, चपला, कडी, टूथपेस्टची ट्यूब शेवटपासून गुंडाळत आणणं, सगळं जसंच्या तसं. आणि प्रत्येक प्रवेशात एकदा पंखा आणि एकदा भिंतीचा घाम. तालमीला आम्ही हसून हसून आडवे व्हायचो. बापाचं काम जिग्नेशकडे. त्यानं काकांना जन्मभर शेजारून पाहिलेलं, त्यामुळे तर विचारूच नका. कपड्यांसाठी दादानं नेहमीप्रमाणं आत्याच्या दोरीवरून काकांचा निळा शर्ट लांबवला. तो शर्ट बघून मी म्हटलं, "दादा, काकांना कळलं तर?" तेव्हा हा माणूस, जो कुणाला भ्यायचा नाही, इकडं तिकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "बाबा येत नाहीत म्हणून तर लिहिलं गं. त्यांना कळता कामा नये. लोक त्यांना हसतायत असं वाटेल त्यांना." माझ्या वाटणीतली थोडी लाज त्याच्याकडे परत गेल्यासारखी मला वाटली. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी जिग्नेशची तोंडी परीक्षा होती. सकाळची परीक्षा, पण बाहेरचे परीक्षकच दुपारी उगवले. तिसरी घंटा व्हायची वेळ आली तरी पोरगं लॅबच्या बाहेर रांगेत उभं. दुसरा कोण करणार? सगळी वाक्यं पाठ होती ती एकट्या दादाला. त्यानं काकांचा शर्ट चढवला, केसांना पावडर लावली आणि रंगमंचावर गेला. आणि काय सांगू! जिग्नेश काकांची नक्कल करायचा, दादा काकाच झाला. तशीच मान किंचित तिरकी, तोच चपलांकडे बघण्याचा कटाक्ष. पहिल्यांदा "भिंतीला घाम सुटलाय का रे?" आलं तेव्हा हॉल हसला. पुढच्या वेळी टाळ्या पडल्या. मग तर पंखा नुसता फिरायला लागला की मागची पोरं वाक्याची वाट बघत ओरडायला लागली, "आवशे, हवे आवशे!" येणार, आता येणार!

शेवटचा प्रवेश. रिकामी खोली, फिरणारा पंखा. दादा दारात येऊन उभा राहिला, बटणावर हात ठेवला, आणि वाक्य म्हणायला प्रेक्षकांकडे तोंड फिरवलं. आणि थांबला. मला आधी वाटलं, मुद्दाम ताणतोय. पण त्याचं तोंड उतरलं होतं. तो बघत होता तिकडं मी विंगेतून वाकून पाहिलं. डावीकडच्या खुर्च्यांत आत्या बसली होती आणि तिच्या शेजारी काका, हातात जेवणाचा डबा, म्हणजे वर्कशॉपमधून परस्पर आलेले. आत्यालाच राहवलं नव्हतं. मुलाचं कॉलेजातलं शेवटचं नाटक, म्हणून तिनं त्यांना ओढून आणलं होतं. नाटकात काय आहे ते त्या माऊलीला तरी कुठं ठाऊक! मी कुजबुजले, "भिंतीला." मग जरा मोठ्यानं, "भिंतीला घाम." त्याला काही ऐकूच येत नव्हतं. तो लाजला होता. माझा दादा, ज्यानं परीक्षकांना आवाज चढवायला लावला, तो भरल्या हॉलसमोर बापाच्या शर्टात उभा राहून लाजला होता, आणि मला ते बघवेना. हॉलमध्ये चुळबूळ सुरू झाली. आणि मग खुर्च्यांमधून, अगदी घरच्या आवाजात, आलं, "भिंतीला घाम सुटलाय का रे?"

हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. सगळ्यांना वाटलं, हेही बसवलेलंच आहे. परीक्षकांनी त्या युक्तीचं खास कौतुक करून आम्हाला पहिलं बक्षीस दिलं. दादानं ते मान खाली घालून घेतलं. नंतर काका रंगमंचामागे आले. दादा समोर शर्टाची बटणं काढत उभा. काकांनी शर्ट घेतला, उलटापालटा करून बघितला, "वरचं बटण सैल होतं. कोणी लावलं?" म्हणाले. दादा म्हणाला, "मी." काकांनी मान हलवली आणि शर्ट डब्याच्या पिशवीत ठेवला. निघताना माझ्यापाशी थांबले आणि अगदी हळू विचारलं, "पोरी, मी एवढ्या वेळा म्हणतो का गं ते?" मी म्हटलं, "नाही हो काका, नाटकात जरा वाढवलंय." पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माझ्या होतात तशाच.

त्या दिवसापासून काकांनी ते वाक्य सोडलं. पंखा बंद करतात, पण मुकाट्यानं. दादा राहिलेला विषय सोडवून पास झाला, आता हालोलकडच्या एका कारखान्यात चांगल्या नोकरीला आहे. आमच्याकडे येताना घंटी वाजवतो. "बसू का?" विचारून सोफ्याच्या कडेला बसतो. मी नवा दिवा आणलाय, सुरेख आहे, कुठल्याही नाटकात शोभेल. त्याच्याकडे त्यानं नुसतं पाहिलं आणि "छान आहे" म्हणाला. मेल्या, उचल की! असं ओठांवर आलं होतं माझ्या. नाटकं त्यानं बंद केली, असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. एक त्याचं अजून चालू आहे. प्रतापनगरला गेला, की तो आतल्या खोलीतला पंखा मुद्दाम चालू ठेवून बाहेर येऊन बसतो, आणि आतून काही ऐकू येतंय का याची वाट बघतो.

परवा मी तिथंच होते. जेवणं झाली, सगळे पुढच्या व्हरांड्यात बसलो. आत पंखा घरघरत होता. दादा माझ्याशी बोलत होता, पण लक्ष सगळं आत. काका उठले. मला राहवलं नाही, मी पाणी पिण्याच्या मिषानं मागोमाग गेले. ते खोलीच्या दारात उभे होते, बटणावर हात ठेवून, आणि पंख्याकडे बघत होते. हात खाली येईना. मी पडद्याआड उभी राहिले आणि जुन्या सवयीनं कुजबुजले, "भिंतीला."

काकांनी वळून बघितलं नाही. "पाठ आहे गं मला," ते म्हणाले, आणि त्यांनी पंखा बंद केला.