गाव लंडन, तालुका निरंक

लातूरच्या कोर्टात तारखा पडत राहतात आणि वकिलांच्या बाररूममध्ये किस्से साठत राहतात. भूकंपानंतरच्या वर्षांतले तर इतके, की सांगायला बसलं की चहा गार होतो. हे सगळे एकाच प्रकरणातले.

आमच्या कांबळे वकिलांकडे डाळमिलवाले करीमभाई आले. इंग्लंडच्या कंपनीकडून त्यांनी डाळ निवडायची मशीन घेतली होती. ती चांगली डाळ बाहेर फेकायची आणि खडे जपून ठेवायची! मिल बंद पडली. करारात होतं म्हणून भांडण लंडनच्या लवादापुढे गेलं आणि करीमभाई जिंकले. कंपनीने पैसे परत द्यायचे, यांनी मशीन परत द्यायची. कंपनी ढिम्म. पैसे आले तरच मिल पुन्हा चालणार होती.

"आता वसुली कोणत्या कोर्टात?" करीमभाईंनी विचारलं.

बाररूममध्ये पाच वकील होते, सहा कोर्टं निघाली!

*

कांबळे म्हणाले, आपल्याच जिल्हा कोर्टात. अर्ज घेऊन खिडकीवर गेले. तिथल्या कारकुनाच्या हाताखालून कित्येक वर्षं भूकंपाच्या भरपाईचीच प्रकरणं गेली होती.

"समोरच्या पार्टीचं गाव?"

"लंडन."

त्याने ड्रॉवरमधून भूकंपग्रस्त गावांची यादी काढली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "न्हाई सायब, हे गाव यादीत न्हाई."

शेवटी रजिस्टरात नोंद झाली. गाव लंडन, तालुका निरंक!

*

कोचिंगचे दिवस होते. कांबळ्यांनी ऑफिसची पुढची खोली फिजिक्सच्या सरांना भाड्याने दिलेली. मध्ये फक्त प्लायवूड. एकदा ते करीमभाईंना मोठ्याने समजावत होते, "कंपनीची मालमत्ता जिथं, तिथलं कोर्ट. पण कंपनीचं इथं हाय तरी काय?"

पलीकडून सर ओरडले, "वकीलसाब, सिलॅबसच्या बाहेरचं नका बोलू, पोरं लिहून घेऊन राहिलीत!"

*

जजसाहेबांनीही तेच विचारलं. "या कंपनीचं लातूर जिल्ह्यात काही आहे का? नसेल तर मला हात लावता येणार नाही." कांबळ्यांनी तारीख मागून घेतली.

एका दुपारी बाररूममध्ये त्यांनी चहाचा कप आदळला. "अरे, मशीन!" लवादानेच ती कंपनीला परत द्यायला सांगितली होती, म्हणजे ती कंपनीचीच. आणि उभी होती लातुरात, करीमभाईंच्या मिलमध्ये! मला मनापासून आनंद झाला. तारखेला आम्ही सगळे कोर्टात हजर.

कांबळ्यांनी मुद्दा दणक्यात मांडला. साहेबांनी मान डोलावली. "ठीक आहे. मशीन आता कुठे आहे?"

करीमभाई उठले. चेहऱ्यावर समाधान. खिशातून घडी केलेली पावती काढून त्यांनी पुढे धरली.

"सायब, निकालात लिवलं, मशीन आपली न्हाई. मग लोकाची अमानत घरात कशाला? पदरचं भाडं भरून मागच्या जुम्म्यालाच लंडनला धाडली!"