आत्या, एकदा हाव म्हणा

“सायली, हदगावात पोस्टर कुणी वाचलं तरी का?” पुण्याहून सरांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं. वाचलं होतं. नाव मात्र एकीनेही दिलं नव्हतं.

आमची संस्था बायकांना ई-रिक्षा चालवायला शिकवते. मी नांदेडच्या ऑफिसात तिची पत्रकं लिहिते. शनिवारपर्यंत बॅच भरली नाही तर गाड्या लातूरकडे, मुरुडच्या सेंटरला जाणार होत्या. मग हदगावच्या ट्रेनर शबाना आपांची नोकरीही जाणार होती.

मी इंग्रजी माध्यमातली. लिहून कसं पटवायचं, हे एका ऑनलाइन कोर्समध्ये शिकत होते. इथॉस म्हणजे सांगणाऱ्याची पत, पेथॉस म्हणजे ऐकणाऱ्याच्या भावना, लोगॉस म्हणजे कारणं. माझ्या पोस्टरवर नुसता लोगॉस होता. लायसन्स, सर्टिफिकेट, चार्जिंगचा खर्च.

मी हदगावला गेले. बोलावं लागू नये म्हणून आपांच्या मागे उभी राहिले. दारोदारी एकच उत्तर मिळत होतं, “मला लई शिकायचंय ओ आपा, पण आत्या हाव म्हनल्या पायजेत.”

इकडे सासूला आत्या म्हणतात.

कोर्समधला ऑडियन्स हा शब्द तेव्हा कुठे कळला. ज्याला पटवायचं, तो ऑडियन्स. सुनांना सगळं आधीच पटलं होतं. मी भलत्याच माणसांना पटवत बसले होते.

परतीच्या एसटीत नवी ओळ लिहिली: ‘आत्या, एकदा हाव म्हणा. सून बाजारात नेईल, दवाखान्यात नेईल.’ खाली फोटो: आपा रिक्षा चालवताहेत, मागे त्यांच्या सासूबाई ऐटीत बसल्यात.

सर वैतागले. “हाव म्हणजे लोभ. सासवांना लोभी म्हणतेस?”

“सर, इथे हाव म्हणजे हो.”

“कुठल्या शब्दकोशात? ‘होकार द्या’ कर.”

मला वाद घालता येत नाही. मी आपांना कॉलवर जोडलं.

“शबानाताई, आवाज येतोय?”

“हाव सर.”

सरांनी लगेच विचारलं, “‘होकार द्या’ लिहिलं तर कळेल ना तिकडे?”

“हाव, कळंल की. कोर्टाचा कागद आला म्हनून घाबरतील, पन कळंल.”

सर हसले. “जाऊ दे प्रिंटला.”

शुक्रवारी सासवा सेंटरवर आल्या. सुना मागे उभ्या. एकीने फोटोतल्या सासूबाईंनाच गाठलं. “खरं सांगा, गाडी पालथी तर करत न्हाई ना?”

“मला कवा पाडलं न्हाई तिनं. घरात भांडती, पन गाडी नीट चालवती.”

शनिवारी बॅच भरली. गाड्या हदगावातच राहिल्या, आपाही.

मी तो फोटो पेथॉस म्हणून लावला होता. कामाला आला इथॉस म्हणून. कोर्समध्ये सांगतात, विश्वास बसावा म्हणून तज्ज्ञाचा फोटो लावा. हदगावात तज्ज्ञ म्हणजे सुनेच्या गाडीतून सुखरूप घरी आलेली सासू.