पडद्यामागचे रंग

शेजाऱ्यांनी कॉरिडॉरमध्ये खोबरेल तेलाचा दिवा लावलाय. तोच वास त्या संध्याकाळी पडद्यामागून येत होता. आम्ही सिंगापूरला, आंग मो किओत नवे होतो आणि जावाहून सावल्यांचं रामायण आलं होतं. त्याला प्रेक्षक पडद्याच्या दोन्हीकडे बसतात. पुढून सावल्या दिसतात, मागून रंगवलेल्या चामड्याच्या बाहुल्या. "रंग बघून येते, तू जागा धर," म्हणत बायको मागे गेली. तिकडे ती बघायला दिव्यापुढे वाकली असावी, कारण पडद्यावर हरणाशेजारी तिचीच सावली उमटली, केस सावरणारी. लोक हसले, मीही हसलो.

ती वारली त्याला आता वर्ष होईल. मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणते, "बाबा, जस्ट क्राय लाह." मला रडू येत नाही. मी अजून जागा धरून बसलोय.