रमिलाबाईची हिरकी

नवापूरच्या सरहद्दीला डोंगर उतरून गुजरातच्या शेतांत मिसळतो. तिथल्या एका पाड्यावर रमिलाबाई राहते. वय पंचेचाळीसच्या घरात, अंगानं उंच, चालताना मान थोडी मागं. या चालीवर आणि बोलताना कमरेवर जाणाऱ्या तिच्या हातावर आजूबाजूची पन्नास गावं पोट धरून हसली आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी रमिलाबाईला कधी पाहिलेलंही नाही.

तिचा नवरा गोवाल सोंगाड्या पार्टीत बाईचं काम करतो. भात घरात आलं की पार्टीला बोलावणी सुरू होतात, ती उन्हाळ्यातल्या आखाजीच्या सणापर्यंत चालतात. लग्न असो, नवस असो, देवीची जत्रा असो, ढोलकी वाजली की माणसं मांडवात दाटीवाटीनं बसतात. पार्टीत बाया नसतात. पुरुषच लुगडं नेसतात, ओठ रंगवतात आणि बाईचं हसू करतात.

गोवाल लग्नाआधीपासून नाचायचा. शेलाटा होता, आवाज गोड होता, पण लोक हसत नसत. दुसऱ्या पार्ट्यांमधल्या बाया बघून तो बाई करायचा, आणि तसली बाई लोकांनी शंभरदा पाहिलेली असायची. मग लग्नाला वर्ष होत आलं असताना खांडबाऱ्याच्या बाजारात रमिलाबाईचं एका सुकटवाल्याशी वाजलं. एक हात कमरेवर ठेवून, दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत तिनं त्याची लबाडी मोजून दाखवली, "एक, तुझं माप खोटं. दोन, खाली वाळू. तीन, वरून तोंडही तुझंच मोठं!" गोवाल मागं पिशवी धरून उभा होता. तो मध्ये पडला नाही, तिला ओढलंही नाही. नुसता बघत राहिला.

आठ दिवसांत मांडवात गोवालची हिरकी आली. कमरेवर हात, मान मागं, अंगठा पेरांवर. लोक उठून उभे राहिले.

पहिल्या वर्षी रमिलाबाई खूश होती. बायांत बसून, तोंडात पदर कोंबून ती हसायची. शेजारणीला कोपर मारून म्हणायची, "ही मीच आहे!" एवढ्या माणसांनी आपल्याकडं बघावं असं तिच्या आयुष्यात दुसरं काय होतं?

पण हिरकीचं नशीब रमिलाबाईच्या हातात नव्हतं. हिरकी दारूवाल्याबरोबर पळायची, फौजदाराच्या मांडीवर बसायची, नवऱ्याचा मार खायची आणि उठून लोकांना डोळा मारायची. तिच्या पाठीवर पट्टा पडला की सगळ्यात मोठं हसू उठायचं. पट्टा खाऊन ती जे बोलायची ते शब्द रमिलाबाईचे असायचे, सकाळी चुलीपाशी बोललेले. योगिता पोटात होती तेव्हा ती कमरेवर हात टेकून चालायची, ती चाल हिरकीकडं गेली. शेळीला दिलेल्या शिव्या गेल्या. मग रमिलाबाईची आई वारली, आणि पंधरा दिवसांत हिरकी मेलेल्या कोंबडीसाठी तसंच गळा काढून, तशीच जमिनीवर हात आपटून रडली.

"ते माझ्या आईसाठीचं रडणं होतं," रमिलाबाई घरी म्हणाली.

"लोकांना कुठं माहीत आहे?"

"मला माहीत आहे ना."

गोवाल वाईट माणूस नव्हता. त्यानं तिच्यावर कधी हात उचलला नाही. ती तापानं पडली तर भाकरी तो थापायचा. तो समजुतीनं म्हणाला, "योगिताची आई, लोक हिरकीवर जीव टाकतात गं. रस्त्यात अडवून विचारतात, हिरकी बरी आहे का म्हणून."

"आणि माझं कोण विचारतं?"

तिला वाटलं की हे वाक्यही त्यानं मनात ठेवलं. ठेवलंच होतं. पुढच्या जत्रेत त्यावर मांडव हसला.

तेव्हापासून रमिलाबाई आपल्या वस्तू लपवू लागली. हात कमरेवर जायचा, ती खाली ओढून घ्यायची. राग आला तर ओढ्याकडं जायची. पण सवयी जुन्या असतात, आणि तोवर फोन आले होते. कुणीतरी हिरकीचे प्रवेश फोनवर टाकले, ते उसाच्या तोडीवर, जीपमध्ये, पानटपरीवर वाजू लागले. बाजारात अनोळखी माणसं हाक मारायची, "काय वं हिरकी, आज नही भांडशी का?" एकदा ग्रामसभेत ती हातपंपाबद्दल बोलायला उठली. पंप दोन महिने बंद होता, बाया ओढ्यातलं पाणी पीत होत्या. तिनं तोंड उघडलं आणि मागून कुणीतरी ढोलकीचा ठेका तोंडानं वाजवला. ग्रामसेवकसुद्धा हसला. पंपाचं तसंच राहिलं.

शेजारच्या ग्रेसीकडं टीव्ही होता. तिथं मालिकेतल्या बाया रडायच्या तेव्हा मागं बासरी वाजायची, आणि ग्रेसी डोळे पुसायची. एकदा आदिवासी बाया दाखवल्या, त्या डोक्यावर टोपल्या घेऊन ओळीनं नाचल्या आणि निघून गेल्या. एकही बोलली नाही. रमिलाबाई म्हणाली, "ग्रेसी, आपल्यासारखी बाई एक तर नाचते, नाही तर हसवते. आपली बाई खरं सांगताना तू कुठं पाहिलीस का?"

"रविवारी चर्चमध्ये सांगते मी," ग्रेसी म्हणाली. "पण तिथंही डोळे मिटून."

गेल्या माघात योगिता तिसऱ्यांदा घरी परत आली. लेक गुजरातेत उच्छलकडच्या एका गावात दिली होती. खताच्या पिशवीत दोन लुगडी घेऊन ती पायी आली, आणि उजवा हात तिनं पदराखाली धरला होता. तीन बोटं काळीनिळी होती. जेवायला उशीर झाला म्हणून तिच्या नवऱ्यानं, नवनीतनं, बोटं दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं. हे तिनं फक्त आईला सांगितलं, तेही दोन दिवसांनी. बापाला सांगायची तिला लाज वाटली.

"मला परत नको पाठवू, आई."

"नाही पाठवणार," रमिलाबाई म्हणाली.

पण ते तिच्या एकटीच्या हातात नव्हतं. रीत अशी की दोन्ही गावांचे पंच बसतात, मुलीच्या वतीनं तिच्या घरच्यांचं आधी ऐकतात आणि मग ठरतं. रविवारी सकाळी मोहाच्या झाडाखाली माणसं बसली. नवनीतचा बाप उदेसिंग आपल्या गावचे दहा-बारा जण घेऊन आला होता. नवनीत धुतलेला सदरा घालून मान खाली घालून बसला. योगिता ओट्यावर, खांबाच्या आड.

गोवाल हळूच म्हणाला, "तूच बोल. तुलाच सगळं माहीत आहे."

रमिलाबाई उठली. आदल्या दिवशीच तिनं ठरवलं होतं, हात बांधून बोलायचं. ती म्हणाली, "पंचहो, माझी लेक तीनदा परत आली. एक, दिवाळीत..."

अंगठा पेरावर गेला. तिला कळलंसुद्धा नाही.

कुणीतरी खुदकन हसलं. हिरकी पंचांपुढं येते आणि नवऱ्याचा मार पेरांवर मोजते, हा प्रवेश पोरासोरांनाही पाठ होता. "आता म्हणेल, मारतो पण प्रेमानं मारतो!" पाहुण्यांतला एक बोलला, आणि हसू झाडाखालून असं फिरलं की पंचांनीही तोंडावर उपरणं धरलं.

उदेसिंग गोड आवाजात म्हणाला, "विहीणबाई, हा प्रवेश आम्ही पाहिलाय. नवा काही असेल तर सांगा."

तिनं हात मागं बांधले. शाळेतल्या बाईंसारखं सावकाश बोलून पाहिलं. पण ते शब्द तिचे नव्हते, दोन वाक्यांत संपले. तिच्याजवळ जी बोली होती ती सगळी हिरकीकडं गेली होती. मग ती मटकन खाली बसली, मातीत तळवे टेकले आणि नुसती बोलत सुटली, "अरे बोटं चेचली तिची! दार लावलं रे, लेकीची बोटं आत असताना दार लावलं! ती ओरडत होती आणि हा..."

आता कुणी हसत नव्हतं. एक म्हातारा पंच पुढं सरकला. नवनीतनं पाय आखडले. आणखी दोन वाक्यं झाली असती तर लेक घरी राहिली असती, असं पाड्यावरच्या बाया आजही म्हणतात.

तेवढ्यात रमिलाबाईची नजर गोवालवर गेली. तो तिच्याकडं बघत होता. मान जराशी कलती, ओठ किंचित उघडे, आणि तिच्या मातीतल्या हातांवर त्याचे डोळे खिळलेले. हे बघणं तिला खांडबाऱ्याच्या त्या बाजारापासून माहीत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणीही होतं. पण तिला पाण्यामागचं ते बघणं दिसलं, आणि मांडव दिसला, मांडवात हिरकीची चेचलेली बोटं दिसली, आणि हसणारी माणसं.

तिचं तोंड मिटलं.

"पुढं?" म्हाताऱ्या पंचानं विचारलं. "बोल ना बाई, आणि हा काय?"

तिनं मातीतले हात उचलून पदराखाली घेतले. तीनदा विचारलं. उदेसिंग म्हणाला, "सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं." नवनीतनं पंचांच्या पाया पडून पुन्हा असं करणार नाही म्हणून कबूल केलं. दुपारपर्यंत लेकीनं परत जायचं ठरलं. योगितानं डाव्या हातानं पिशवी उचलली. आईजवळून जाताना ती थांबली नाही. एवढंच म्हणाली, "तू बोलणार होतीस ना?"

जीप उताराला लागली, धूळ खाली बसली, माणसं पांगली. गोवाल ओट्यावर येऊन तिच्याजवळ बसला. मग त्यानं विचारलं, "योगिताची आई, तो ओरडणं ऐकून काय करत होता? तू पुढं काय सांगणार होतीस?"

तिनं त्याच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. हे बाप विचारत होता की दुसरा कोणी, तिला ओळखता येईना. कदाचित त्यालाही येत नसावं.

ती उठून आत गेली.