फ्लेक्सवरचा बाप

कोल्हापुरात माझा आठ फुटी फोटो आजवर एकदाच लागला, आणि तोही माझ्याच कॉलेजच्या गेटसमोर, माझ्याच कॉलेजच्या विरोधात.

मी एका मोठ्या कॉलेजात हेडक्लार्क आहे. माझी मुलगी सायली मात्र गावातल्या दुसऱ्या, लहान कॉलेजात शिकते आणि तिथल्या मुलींच्या फुटबॉल टीमची गोलकीपर आहे. (स्वतःच्या कॉलेजात का घातली नाही, असं लोक मला विचारतात. तिथं मी असतो, हेच तिचं कारण.) त्या कॉलेजला मैदान नाही. पोरी पार्किंगमध्ये सराव करतात, आणि प्राध्यापकांच्या दोन स्कूटर हेच गोलाचे खांब. एखाद्या सरांना लवकर घरी जायचं असलं की गोल एका बाजूनं उघडा पडतो.

तर ही टीम यंदा आंतरमहाविद्यालयीन फायनलला पोचली. समोर कोण, तर आमचं कॉलेज, सलग तीन वर्षांचं विजेतं. मैदानही आमचंच.

आता ती टीम फायनलला कशी आली, तेही सांगून टाकतो. पहिल्या फेरीत शिरोळकडच्या टीमची गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली आणि सायलीच्या टीमला फुकटात पुढं चाल मिळाली. सेमीफायनलला इचलकरंजीच्या एका पोरीनं गडबडीत स्वतःच्याच गोलात चेंडू मारला. मधल्या मॅचला सायलीनं बारा वेळा अंग टाकून चेंडू अडवला होता, दोन्ही कोपरं सोलून निघाली होती. पण ते कुणाच्या लक्षात नव्हतं. ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी ट्रॉल्या.

"कांबळेसाहेब, फायनलला बी ट्रॉल्या सांगितल्यासा काय?" आमचा शिपाई सर्जेराव रोज सकाळी पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता विचारायचा. मी हसायचो. रोज तोच विनोद ऐकून रोज हसायचं म्हणजे काय कष्टाचं काम आहे, ते नोकरदार माणसालाच कळेल.

फायनलच्या तीन दिवस आधी आमच्या कॉलेजच्या पोरांनी गेटसमोरच्या चौकात फ्लेक्स लावला. 'ट्रॉल्यांच्या कृपेने फायनलला आलेल्या पाहुण्यांचे स्वागत. मॅच संपल्यावर चहा पिऊन जाणे.' त्या संध्याकाळी सायली घरी आली आणि ताटावर बसलीच नाही.

"पप्पा, मी बघून आलो त्यो फ्लेक्स." (आमच्याकडं पोरीसुद्धा 'आलो-गेलो'च म्हणतात.) "तुमच्या गेटसमोर हाय. तुम्ही काय बोललासा का न्हाय?"

"मी काय बोलणार? पोरं हायत ती."

"आमीबी पोरीच हाय की," ती म्हणाली आणि आत जाऊन पडली.

बायकोनं, मंगलनं, माझ्याकडं फक्त बघितलं आणि पोरीचं ताट झाकून ठेवलं. त्या बघण्यावर मला रात्रभर झोप नाही. पोरगी मार खाऊन उभी राहते आणि बाप शिपायाच्या विनोदावर हसतो, हे काही बरं नव्हतं. पण माझ्या अधीक्षकपदाच्या बढतीचा कागद त्या वेळी प्राचार्यांच्या टेबलावर होता. म्हणून मी ठरवलं, बोलायचं, पण आपलं नाव न देता. भित्र्या माणसाला शूर व्हायचं असलं की तो असाच काहीतरी मधला मार्ग काढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंटूकडं गेलो. पिंटू आमच्या गल्लीतला फ्लेक्सवाला, चाळिशीचा, तिन्ही पोरांच्या बारशाचे फ्लेक्स स्वतःच छापलेला माणूस. त्याला मी मजकूर लिहून दिला: 'रस्त्यात ट्रॉली आडवी हुती, गोलात सायली आडवी हाय. आता या!'

"एक नंबर," पिंटू म्हणाला. "फोटो कुठला टाकू?"

"फोटो नको. माझं नाव नको. नुसतं एवढंच छाप, आणि त्यांच्या फ्लेक्सशेजारी लाव."

"फोटो न्हाय म्हंजे? बिनफोटोचा फ्लेक्स कुठं असतोय व्हय?"

"पिंटू, मी सांगतोय ते ऐक. नको म्हणजे नको."

"बरं बरं. कळलं," पिंटू म्हणाला, आणि असा हसला की मला तिथंच शंका यायला पाहिजे होती.

त्याचा हिशोब मला नंतर समजला. कोल्हापुरात फ्लेक्स करून घेणारा प्रत्येक माणूस आधी 'माझा फोटो नको' म्हणतो. ती रीतच आहे, दुसऱ्यांदा वाढताना पाहुणा 'नको नको' म्हणतो तशी. मागं एकानं नको म्हटलं म्हणून पिंटूनं खरंच फोटो टाकला नाही, तर तो माणूस वर्षभर त्याच्याशी बोलत नव्हता. तेव्हापासून पिंटू 'नको' ऐकलं की फोटो मोठा करतो. मी दोनदा नको म्हटलं होतं.

फायनलच्या आदल्या दिवशी सकाळी मी कॉलेजला पोचलो, तर चौकात गर्दी. वर बघितलं. जयंतीच्या फ्लेक्ससाठी काढलेला माझा फोटो, निळा फेटा, काळा गॉगल, हात जोडलेले, आठ फूट उंच. सायलीचं नाव माझ्या कोपराखाली कुठंतरी. आणि तळाला ठळक अक्षरांत: 'शुभेच्छुक: मा. कांबळेसाहेब, हेडक्लार्क', त्यापुढं आमच्या कॉलेजचं नाव, पत्ता आणि माझा मोबाईल नंबर.

मी पिंटूला फोन लावला.

"आवडला न्हवं?" तो म्हणाला. "गॉगल मुद्दाम ठेवलाय."

"काढ तो. आत्ताच्या आत्ता काढ."

"साहेब, किती लाजतासा," पिंटू म्हणाला आणि फोन ठेवला.

पंधरा मिनिटांत सर्जेराव आला. आज तो ट्रॉल्यांबद्दल काही बोलला नाही. "सरांनी बोलावलंय," एवढंच म्हणाला, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हातानं मी जास्त घाबरलो.

प्राचार्य खिडकीत उभे होते. खिडकीतून चौक दिसतो.

"कांबळे, फेटा शोभतो तुम्हाला."

"सर, ते छापणाऱ्यानं चुकून..."

"उद्या संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत. मंडपात तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. आपला एकोपा त्यांना दिसला पाहिजे." मग टेबलावरचा एक कागद त्यांनी उगाच सरळ केला. तो कुठला, ते मी ओळखलं.

संध्याकाळी घरी गेलो, तर सायली दारातच उभी. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली.

"पप्पा, मला वाटलं तुम्ही भिऊन गप्प बसलासा. तुम्ही तर नाव घालून, फोटो घालून लावलासा की. आमच्या अख्ख्या टीमनं त्याच्याखाली उभं राहून फोटो काढलाय." तिचे डोळे भरून आलेले. "उद्या आमच्या बाजूला बसणार न्हवं?"

चुकून छापलंय, हे वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. मी म्हणालो, "व्हय." त्या रात्री ती पोटभर जेवली. माझ्याच घशाखाली काही उतरलं नाही.

मैदानाच्या एका टोकाला, गोलाच्या मागं, आमच्या कॉलेजचा मंडप. दुसऱ्या टोकाच्या गोलामागं दगडी पायऱ्या, तिथं सायलीच्या कॉलेजचे पन्नाससाठ लोक आणि दोन हलग्या. मंगल मैदानाच्या मधल्या कडेला, सायलीच्या टीमच्या पाण्याच्या कॅनजवळ. मी मंडपात, प्राचार्यांच्या डाव्या हाताला. सायली पायऱ्यांकडच्या गोलात, म्हणजे माझ्यापासून अख्खं मैदान लांब. पिवळ्या जर्सीचा एक ठिपका इकडून तिकडं उड्या मारतोय, एवढंच दिसत होतं. आमच्या कॉलेजच्या पोरी एकामागून एक चढाई करत होत्या, आणि चेंडू गोलाजवळ गेला की प्राचार्य माझ्याकडं बघून म्हणायचे, "टाळ्या, कांबळे." मी टाळ्या वाजवायचो. स्वतःच्या पोरीवर गोल व्हावा म्हणून टाळ्या वाजवणारा बाप त्या मैदानावर मी एकटाच असेन.

हाफ टाइमला गोल शून्य-शून्य. तो ठिपका खाली बसून पाणी प्यायला, आणि पिताना त्यानं एकदा मंडपाकडं बघितलं असं मला वाटलं. मग माझ्यानं राहवेना. गेली बढती खड्ड्यात, म्हटलं. उठलो.

"कुठं निघालात?" प्राचार्य.

"माझ्या पोरीमागं बसायला, सर."

हे वाक्य मी एवढ्या मोठ्यानं म्हणालो की अध्यक्षांनीही वळून बघितलं. आणि कडेनं जायचं सोडून मी मैदानाच्या मधून चालत निघालो. पायऱ्यांवरच्या लोकांनी मला ओळखलं. "फ्लेक्सवालं आलं! या पावणं, या!" हलग्या कडाडल्या. एकानं उठून जागा दिली, दुसऱ्यानं रुमालानं झाडून दिली. ऊर भरून आला माझा. गोलाच्या बरोबर मागं, पहिल्या पायरीवर, मी बसलो.

शिट्टी वाजली. टीमा मैदानात उतरल्या. पिवळी जर्सी माझ्याकडं येण्याऐवजी पलीकडं चालायला लागली. चालत चालत मंडपासमोरच्या गोलात जाऊन उभी राहिली, प्राचार्यांच्या पुढ्यात.

दुसऱ्या हाफला बाजू बदलतात, हे लहान पोरालासुद्धा माहीत असतं.

आता परत जाणं शक्य नव्हतं. माझ्यासमोरच्या गोलात आमच्या कॉलेजची गोलकीपर येऊन उभी राहिली. सगळा खेळ पलीकडच्या टोकाला चाललेला, त्यामुळं तिला काही कामच नव्हतं. थोड्या वेळानं तिनं मागं वळून बघितलं.

"सर, माझं बोनाफाईड झालं का?"

"सोमवारी ये," मी म्हणालो. आणखी काय म्हणणार?

पलीकडं ठिपका उडत होता, लोळत होता, उठत होता. मंडपातले लोक उभे राहत होते. मी शेजारच्याला विचारायचो, "काय झालं?" तो म्हणायचा, "अडवला, पावणं, तुमच्या पोरीनंच अडवला. दिसत न्हाय व्हय?" शेवटच्या चार मिनिटांत मंडपात एकदम आरडाओरडा झाला. समोरच्या गोलकीपरनं माझ्याकडं वळून हळूच सांगितलं, "सर, झाला गोल." बिचारीला माझ्याकडं बघून नीट आनंदही करता येईना.

आम्ही हरलो, एक-शून्यनं. बक्षीस समारंभानंतर प्राचार्य मला शोधत आले. रागावलेले नव्हते, तेच वाईट.

"कांबळे, काय खेळली हो मुलगी! नऊ वेळा अडवला. मी चार हातांवर होतो. एकदा तर पडल्या पडल्या माझ्याकडं बघून हसली. तुम्हाला दिसलं का?"

"नाही, सर."

घरी सायली कोपरांना हळद लावत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "पहिल्या हाफला आलो नाही, चुकलं माझं. पण नंतर मी सगळ्यांदेखत उठून आलो बघ."

"आलासा कुठं? गेलासा," ती म्हणाली. रागानं नव्हे, दमून. "तुम्ही तिकडं बसलेलं मी बघितलं की. म्हटलं, नोकरी हाय, बसूदे. दुसऱ्या हाफला मीच जाणार हाय त्या गोलात, पप्पांच्या पुढ्यात. तेवढ्यावर पहिला हाफ काढला. आणि जाऊन बघतो तर तुमची खुर्ची रिकामी."

मंगल स्वयंपाकघरातून म्हणाली, "मला वाटलं, पाणी प्यायला उठलासा."

आमच्या घरात फुटबॉल कुणाला जास्त कळतो, यावरून पूर्वी फार वाद व्हायचे. आता होत नाहीत.