आधी सही, मग काम

लिफ्टकाकांची सही म्हणजे एक झोकदार रेघ आणि खाली दोन टिंबं. तीस वर्षं ती त्यांनी लिफ्टमध्ये अडकवलेल्या तपासणी कार्डांवर केली. त्यांच्या धंद्यात सगळेच आधी सही ठोकत आणि मग वर चढून दोर बघत, ब्रेकला हात घालत. कारण काम झाल्यावर हात वंगणानं काळेकुट्ट, आणि कार्ड बरबटलं की साहेब अंगावर येणार. काकांचं काम चोख. त्यांनी हात लावलेली लिफ्ट वर्षभर कुरकुरायची नाही. वाचायचा मात्र त्यांना भारी कंटाळा. "छापलेलं काय वाचायचं? ते थोडंच बदलणार आहे?" असं ते बायकोला म्हणत.

मधली सहा वर्षं ते परदेशात होते. तिथला मुकादम नामी होता. जानेवारीतच बारा महिन्यांची कार्डं पुढ्यात टाकायचा आणि सह्या घेऊन मोकळा व्हायचा. मार्चमध्ये काका कायमचे घरी परतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथली एक लिफ्ट कोसळली आणि एक बाई जिवानिशी गेली. ऑक्टोबरच्या कार्डावर काकांची सही होती. समन्स त्यांच्या जुन्या खोलीवर गेलं, तिथं आता भलताच कुणी राहत होता. खटला काकांच्या माघारी चालला, चार वर्षांची शिक्षा झाली, आणि इकडे त्यांना गंधवार्ताही नव्हती.

दोन्ही देशांत करार होता, तिकडची शिक्षा इकडच्या तुरुंगात भोगायची. नऊ वर्षांनी एका सकाळी, काका चहाचा दुसरा कप मागत असताना, दोन पोलीस दारात उभे राहिले.

आता कायदा काही राक्षस नाही, बरं का. अशा माणसासाठी त्यानं झकास तजवीज करून ठेवली आहे. अटकेचं कारण त्याच्या भाषेत समजावून सांगा, घरच्यांना कळवा, वकील द्या. खटला माझ्या माघारी चालला, अशी हरकत घ्यायला पंधरा दिवस द्या. काकांना तेवढं एकच वाक्य बोलायचं होतं. परतल्याचा मार्चचा शिक्का पासपोर्टवर होता आणि पासपोर्ट घरच्या कपाटात होता.

चौकीत हवालदारानं एक कागद पुढे सरकवला. सात ओळी, प्रत्येकीपुढे सहीची जागा.

"हे काय?"

"तुमचे हक्क. सह्या करा, मग साहेब बोलतील."

काकांना यात काहीच वावगं वाटलं नाही. सात रेघा, चौदा टिंबं. पाचव्या ओळीत 'वकील नको' होतं आणि सातवीत 'शिक्षा मान्य, हरकत नाही'.

बायकोनं चार दारं झिजवून वकीलबाई गाठली. कागद बघून तिनं कपाळाला हात लावला.

"काका, एक ओळसुद्धा वाचली नाहीत?"

"साहेब बोलणार होते ना."

"मग, बोलले?"

"नाही."

कोर्टात वकीलबाई पोटतिडकीनं भांडली. यांना कुणी काही समजावलंच नाही, म्हणाली. न्यायाधीशांनी कागद उचलून धरला.

"सह्या तुमच्याच?"

खोटं बोलणं काकांना कधी जमलंच नव्हतं. "माझ्याच, साहेब."

"मग कायद्यानं द्यायचं ते सगळं तुम्हाला मिळालेलं आहे."

मागच्या बाकावरून बायको पासपोर्ट घेऊन उठली. "साहेब, एवढा शिक्का तरी बघा हो! ती लिफ्ट पडली तेव्हा हा माणूस माझ्या स्वयंपाकघरात गळका नळ दुरुस्त करत होता!"

"बाई, तिकडचा निकाल इथं तपासता येत नाही. त्यासाठी हरकत घ्यायची असते. ती यांनी सोडून दिली."

एवढंच. शिक्का कुणी पाहिला नाही. तिचा हात तसाच पुढे राहिला. संताप येतो तो याचाच, की कुणी आवाजसुद्धा चढवला नाही.

कारकुनानं हुकमाची प्रत काकांपुढे ठेवली. "पोच द्या. इथं सही."

काकांनी सवयीनं पेन उचललं, टेकवलं, आणि परत खाली ठेवलं. खिशातून चष्मा काढला.

"आधी वाचतो."

"वाचा की सावकाश," कारकून म्हणाला. "आता चार वर्षं कोण घाई करतंय तुम्हाला?"