पावरीला दाखवलेली पाठ

महारूआबा गेल्याचं मला धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर पिंपळनेरच्या गाडीच्या कंडक्टरने सांगितलं, तेही तिकीट फाडता फाडता. मी साक्रीला निघालो होतो; तिथे उतरलोच नाही, तसाच पुढे गेलो. त्याला महिना झाला. अजून एका जागी बसवत नाही... लिहायला घेतो, उठतो, पुन्हा बसतो.

एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास मी पिंपळनेरला मास्तर होतो. डोंगराखालच्या कोकणा आदिवासींच्या पाड्यावर आबांची पावरी वाजायची. भोपळा, बांबू आणि बैलाचं शिंग जोडून केलेलं ते वाद्य छातीशी धरून आबा मधोमध फिरत आणि भोवती कमरेत हात गुंफून सगळा पाडा नाचे. आबा वळले की नाच वळायचा. नियम एकच : पावरीला पाठ दाखवायची नाही, तिच्यात देव असतो. हे मला ठाऊक होतं, आधीच कबूल करून टाकतो.

धुळ्याला एक सरकारी समारंभ ठरला आणि मी हौसेने बारा जणांना ट्रकमधून घेऊन गेलो. मिरवायचं मलाच होतं. नाच रंगात आला तेव्हा पुढच्या खुर्चीतले साहेब म्हणाले, "अहो, यांच्या पाठीच दिसताहेत." मी लगबगीने स्टेजशी जाऊन पोरांना खुणा केल्या, इकडे तोंड करा. माझ्याच वर्गात शिकलेली पोरं ती. मुकाट्याने रांग धरून उभी राहिली. आबा मागे पडले. पावरी मध्येच थांबली. लोकांना वाटलं नाच संपला, टाळ्या पडल्या. परतल्यावर पाड्याशी उतरताना आबा एवढंच म्हणाले, "मास्तर, जेवीसन जा." आणि मी निर्लज्जासारखा जेवलोही.

पुढची तीन वर्षं पाड्यावर नाच पावरीविना झाला, नुसत्या ढोलावर. मी विचारलं तर आबा म्हणत, "भोपळा फुटना, मास्तर. नवा पिकू दे." भोपळा फुटला, हे मी खरं मानलं, कारण तेच सोयीचं होतं. भोपळा पिकायला तीन वर्षं लागत नाहीत, हे माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोराला कळू नये? मग माझी धुळ्याला बदली झाली आणि सुटल्यासारखं वाटलं.

महिन्यापूर्वी कंडक्टरकडून कळल्यावर मी थेट पाड्यावर गेलो, त्या दिवशी आबांच्या थोरल्याने, जयरामने, भिंतीवरची पावरी काढून माझ्या हातात दिली. जुनीच होती. भोपळ्याला कुठे चीर नव्हती. जयराम म्हणाला, तेव्हा धुळ्याच्या समारंभाहून परतल्यावर पंच बसले होते. पावरीला पाठ करायला कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. "बठ्ठास्ना म्होरे आबानी सांगं, मीच सांगेल शे." सगळ्यांसमोर आबांनी ते स्वतःवर घेतलं होतं. नाचणाऱ्या पोरांनीही आबांचं पाहून तोंड उघडलं नाही. तीन वर्षं पावरीला हात लावायचा नाही, असा दंड आबांनी माझ्यासाठी सोसला होता.

मी ताडकन उठलो. म्हटलं, "पंचांना आत्ताच बोलाव. मी सांगतो सगळ्यांना."

जयरामने हाताला धरून मला खाली बसवलं. "ऱ्हाऊ द्या, मास्तर. आते सांगीसन काय व्हई? आबा खोटा पडी."

मी बसलो. काय करणार होतो? म्हणून इथे लिहिलं. वर्तमानपत्राची ही पुरवणी त्या पाड्यावर जात नाही, याची चौकशी मी आधी करून घेतली आहे.